लॅपटॉपला टीपीएम सापडत नाही, बिटलॉकर सुरू होत नाही: बोर्ड बदलण्याआधी काय बघायचं

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. राजारामपुरीत तुमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं काम आलं आणि त्यांच्या ऑडिटरनं अट घातली, की कामगारांचे पगार, पॅन, बँक खाती ज्या लॅपटॉपवर येणार त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, हवी. तुमचा लॅपटॉप कंपनीच्या लॉटमधून आलेला रिफर्बिश्ड, इंटेलच्या आठव्या पिढीचा, त्यात विंडोज १० प्रो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं साधन, चालू करायला गेलं की ‘या डिव्हाइसला ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मोड्यूल वापरता येत नाही’ असं येतं; हेच मोड्यूल म्हणजे टीपीएम. विंडोज दोनदा नव्यानं टाकून झालं. आता दुकानदार म्हणतो चिप उडाली, मदरबोर्ड बदलावा लागेल.

बोर्ड बदलू नका. गेली २२ वर्षं मी कोल्हापुरात बोर्ड दुरुस्तीच करतो, आणि ‘टीपीएम गेलं’ म्हणून टेबलावर येणाऱ्या लॅपटॉपमध्ये चिप खरोखर मेलेली फार क्वचित निघते. चिप जागेवर असते. फक्त ती कुणाला तरी दिसत नसते. विंडोजला दिसत नाही, का बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, दिसत नाही, का बायोसनंच ती झाकून ठेवलीय, हे ठरल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.

आधी ही चिप करते काय ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली टीपीएम सांभाळतं. लॅपटॉप रोज ज्या क्रमानं सुरू होतो, म्हणजे बायोस, सिक्युअर बूट, बूट लोडर, त्याची मोजमापं चिपमध्ये नोंदली जातात, आणि ती आधीसारखीच जुळली तरच चिप किल्ली सोडते. चोरानं डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली तर तिथं ही चिप नाही, म्हणून किल्लीही नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच दुकानदारांनाही माहीत नसते. टीपीएम ही दर वेळी बोर्डावर सोल्डर केलेली वेगळी चिप असतेच असं नाही. कंपन्यांसाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये बहुधा इन्फिनिऑन, नुव्होटॉन किंवा एसटी मायक्रोची वेगळी चिप असते. घरगुती लॅपटॉपमध्ये तेच काम फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच साठवलेला प्रोग्रॅम, करतं: इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम. काही मॉडेलमध्ये दोन्ही असतात आणि बायोसमध्ये एक निवडावं लागतं. त्यामुळे बोर्डावर चिप दिसत नाही म्हणून ‘या लॅपटॉपला टीपीएमच नाही’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

आता तपासणी. पहिला प्रश्न विंडोजला विचारायचा. विंडोजचं बटण आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. ‘कंपॅटिबल टीपीएम सापडत नाही’ एवढंच आलं तर त्यातून फारसं कळत नाही. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि गेट-टीपीएम ही आज्ञा द्या. त्यात टीपीएम प्रेझेंट समोर ट्रू आणि टीपीएम रेडी समोर फॉल्स असेल, तर चिप आहे, फक्त तयार केलेली नाही. ते टीपीएम डॉट एमएससीमधूनच होतं. लॉक्ड आउट समोर ट्रू असेल, तर चुकीचे प्रयत्न फार झाल्यानं चिपनं स्वतःला बंद करून घेतलंय. लॅपटॉप चालू ठेवून थांबलं की ती आपोआप मोकळी होते, तिला छेडू नका. प्रेझेंट समोरच फॉल्स असेल, तर विंडोजपर्यंत चिप पोचतच नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचं हेच असणार.

त्याच बैठकीत एमएसइन्फो३२ उघडा, तेही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच. दोन ओळी वाचायच्या. पहिली ‘बायोस मोड’. तिथं यूईएफआय (लॅपटॉप सुरू करायची नवी पद्धत) लिहिलंय की लेगसी (जुनी पद्धत)? दुसरी अगदी तळाशी ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्ट’. तिथं विंडोज नकाराची कारणं स्वतःच्या शब्दांत देतं: टीपीएम वापरता येत नाही, पीसीआर७ (सिक्युअर बूटचं मोजमाप नोंदणारा टीपीएमचा कप्पा) जोडता येत नाही, रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीला उघडणारा भाग) बसवलेलं नाही. ही ओळ वाचायला एक मिनिट लागतं आणि लोक ती न वाचता विंडोज फॉरमॅट मारतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बायोस मोडसमोर लेगसी लिहिलेलं निघालं, तर माझ्या अंदाजानं तुमचा अर्धा प्रश्न तिथंच सुटला. टीपीएम २.० ला यूईएफआय लागतं. लेगसी किंवा सीएसएम (यूईएफआयमध्येच जुनी पद्धत चालवणाऱ्या) मोडमध्ये ते नीट चालत नाही. रिफर्बिश्ड लॅपटॉप पुण्या-मुंबईहून लॉटनं येतात, आणि एका जुन्या इमेजवरून, म्हणजे तयार प्रतीवरून, सगळ्यांवर भराभर विंडोज टाकलं जातं. ती इमेज एमबीआर, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या पद्धतीची, असली की ती चालावी म्हणून बायोस लेगसीवर जातो. पुढं तुम्ही विंडोज दोनदा नव्यानं टाकलंत, पण टाकणाऱ्यानं बायोस आणि पार्टिशनचा प्रकार तोच ठेवला असेल, तर दहादा टाकूनही काही फरक पडला नसता.

यावर उपाय आहे आणि त्यात डेटा जात नाही, तरी आधी बॅकअप घ्याच. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे; ते डिस्क एमबीआरवरून यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी पद्धतीवर नेतं. ते आधी व्हॅलिडेट पर्यायानं चालवायचं. चालू विंडोजमधून वापरताना सोबत अलाउ-फुल-ओएस हा पर्याय द्यावा लागतो. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते इथंच नकार देतं. व्हॅलिडेट पास झालं तर कन्व्हर्ट पर्यायानं पुन्हा चालवायचं, मग लॅपटॉप सुरू करताना थेट बायोसमध्ये जाऊन लेगसी बंद, यूईएफआय चालू, सिक्युअर बूट चालू. क्रम उलटा केलात तर विंडोज उघडणार नाही आणि तुम्ही घाबराल, एवढंच. क्रम सुधारला की परत उघडतं. शेवटी रिएजंट-सी आज्ञेनं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट चालू आहे का ते बघा. रूपांतरात ते कधी कधी बंद पडतं आणि मग डिव्हाइस एन्क्रिप्शन त्यावरून अडतं.

दुसरा प्रश्न बायोसला. डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१. नाव प्रत्येकाचं निराळं: डेलमध्ये ‘टीपीएम २.० सिक्युरिटी’, लेनोवोमध्ये ‘सिक्युरिटी चिप’, एचपीमध्ये ‘टीपीएम डिव्हाइस’. एचपीची एक खुबी लक्षात ठेवा. तिथं अव्हेलेबल आणि हिडन असे दोन पर्याय असतात. हिडन असेल तर विंडोजच्या दृष्टीनं चिप अस्तित्वातच नाही; डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ हा गटसुद्धा उगवत नाही. गेल्या पावसाळ्यात गोकुळ शिरगावच्या एका कारखान्याचे एकसारखे चार लॅपटॉप आले, चारही ‘टीपीएम डेड’ अशी चिठ्ठी लावून. चारही हिडनवर होते. एकेकाला पाच मिनिटं लागली.

कंपनी लॉटच्या लॅपटॉपमध्ये इथं एक अडथळा येतो. पहिल्या मालकाच्या आयटी विभागानं बायोसला ॲडमिन पासवर्ड घातलेला असतो, म्हणून पर्याय दिसतो पण राखाडी असतो, बदलता येत नाही. असं असेल तर ज्यानं विकलं त्याच्याकडं बिल घेऊन जा आणि पासवर्ड काढून मागा. ती त्याची जबाबदारी आहे. आतला गोल सेल काढून हा पासवर्ड जात नाही, कारण या दर्जाच्या लॅपटॉपमध्ये तो सेलवर जगणाऱ्या मेमरीत नसतो. आणि ‘बायोस मारून (म्हणजे त्याच्या चिपमध्ये फाइल नव्यानं लिहून) देतो, पासवर्ड उडतो’ म्हणणाऱ्याच्या हाती लॅपटॉप देण्याआधी पुढचा मजकूर वाचा.

इंटेलचं पीटीटी राहतं कुठं? बायोसच्याच फ्लॅश चिपमध्ये मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे आम्ही ज्याला एमई रिजन म्हणतो त्याचा, एक भाग असतो. पीटीटी त्या इंजिनवर चालतं. कुणी नेटवरून उचललेली दुसऱ्या बोर्डाची बायोस फाइल जशीच्या तशी मारली, की त्या दुसऱ्या बोर्डाचं एमई तुमच्या बोर्डावर येतं. लॅपटॉप सुरू होतो, डिस्प्ले येतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. काही दिवसांनी लक्षात येतं की सुरू व्हायला वेळ लागतो, पंखा विनाकारण जोरात फिरतो, जुन्या पिढ्यांमध्ये तर अर्ध्या तासानं लॅपटॉप आपोआप बंद पडतो. आणि बायोसमधून पीटीटीचा पर्याय गायब. खूण सोपी आहे: बायोसच्या पहिल्या पानावर एमई व्हर्जनसमोर आकडा हवा. तिथं सगळी शून्यं किंवा रिकामी जागा असेल, तर दोष चिपचा नाही, फाइलचा आहे.

हे दुरुस्त होतं, पण घाई चालत नाही. मी मूळ फ्लॅश आधी दोनदा वाचतो आणि दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या तरच पुढं जातो. मग त्याच आवृत्तीचा स्वच्छ एमई भाग घेऊन तेवढाच बदलतो. लॅपटॉपचा सीरियल नंबर, विंडोजची लायसन्स की, नेटवर्कचा पत्ता हे सगळं जुन्या फाइलमधलं राखतो. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर गिऱ्हाईकाला देतो. तुमच्या लॅपटॉपचा बायोस पूर्वी कुणी मारलाय का, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर मला ते ऐकायला आवडेल, कारण मग कुठं शोधायचं ते कळलं.

बायोसमध्ये पर्याय आहे, चालूही आहे, तरी चिप दिसत नाही, किंवा काल होता आज पर्यायच नाहीसा झाला, असं असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय आधी. चार्जर काढा, आतली बॅटरी सोडवा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, थोडं थांबून फक्त चार्जरवर सुरू करा. बोर्डावर साठून राहिलेला चार्ज निघून गेला की अडकलेली चिप परत जागी होते. आपल्याकडं पावसाळ्यात लाइट ये-जा करते तेव्हा हे जास्त होतं. अनेक थिंकपॅडमध्ये यासाठी तळाला पिन घालायचं बारीक भोकच दिलेलं असतं. त्यानंतर कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट. मात्र बॅटरी धड असेल तरच. मेलेल्या बॅटरीवर, जुलैच्या पावसात, भिंतीच्या प्लगच्या भरवशावर बायोस अपडेट करू नका.

तिसरा प्रश्न लिनक्सला, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर आहे. उबुंटूची पेन ड्राइव्ह करा, यूईएफआय मोडमध्येच तिच्यावरून सुरू करा, काही इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा. डेव्ह या फोल्डरमध्ये टीपीएम० नावाची फाइल दिसली, तर बायोस चिप देतोय आणि चिप उत्तरही देतेय. गोंधळ विंडोजचा आहे. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून टीपीएमचं डिव्हाइस काढून रीस्टार्ट केलं की विंडोज स्वतःचा ड्रायव्हर परत घालतं. वेगळा ड्रायव्हर शोधत नेटवर फिरू नका. लिनक्सलाही दिसली नाही आणि बायोसमध्ये सगळं बरोबर आहे, तेव्हा कुठं मी मागचं झाकण उघडतो.

झाकण उघडल्यावर कोल्हापुरात एक गोष्ट विचारावीच लागते: हा लॅपटॉप पुरात होता का? २०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीकडच्या दुकानांत पंचगंगेचं पाणी शिरलं तेव्हा भिजलेल्या कितीतरी वस्तू वाळवून, पुसून पुन्हा बाजारात आल्या. गाळाचं पाणी वाळलं तरी त्यातले क्षार राहतात आणि दर पावसाळ्यात दमट हवेत पुन्हा खात सुटतात. वेगळी टीपीएम चिप आठ-दहा बारीक रेषांवरून बोलते. त्यातली एक रेष हिरवी पडून तुटली, की बाकी लॅपटॉप ठणठणीत चालतो आणि फक्त ही चिप मुकी होते. भिंगाखाली ते दिसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड धुवून, रेष जोडून अशी चिप परत बोलताना मी पाहिलीय. चिपच जळाली असेल तर त्याच मॉडेलची चिप बदलता येते, आणि काही बोर्डांवर बायोसमधून पीटीटीकडं वळता येतं. एवढं सगळं करून बोर्ड बदलायची वेळ आलीच, तर तेव्हा बदला.

आता ज्यासाठी मला सगळ्यात जास्त कळवळून सांगावंसं वाटतं ते. टीपीएम डॉट एमएससीमध्ये ‘क्लिअर टीपीएम’ असं बटण आहे. व्हिडिओत सांगतात, दाबा, सगळं ठीक होतं. ज्या लॅपटॉपवर बिटलॉकर कधीच चालू नव्हता तिथं त्यानं फारसं बिघडत नाही; विंडोज हॅलोचा पिन आणि लॅपटॉपवर साठवलेल्या पास-की परत कराव्या लागतात. पण डिस्क आधीच एन्क्रिप्ट असेल, तर चिपमधली किल्ली पुसली जाते आणि पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला. मी काढू शकत नाही, कंपनी काढू शकत नाही, पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरीवालाही काढू शकत नाही. ते काढता येऊ नये म्हणूनच तर एन्क्रिप्शन आहे. वेगळ्या चिपवरून पीटीटीवर जाणं, बोर्ड बदलणं, एएमडीच्या लॅपटॉपवर सुरुवातीलाच ‘एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन’ असं विचारलं जातं तिथं वाय दाबणं, या सगळ्यांचा परिणाम तोच.

जयसिंगपूरच्या एका शिक्षकांना आपली डिस्क एन्क्रिप्ट आहे हे माहीतच नव्हतं. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की विंडोज ११ अनेकदा न विचारता एन्क्रिप्शन सुरू करतं, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर ते आणखी जास्त लॅपटॉपवर होतं. दुसऱ्या कुणीतरी बायोस अपडेट करून दिलं आणि रिकव्हरी की मागणारा निळा पडदा आला. नशीब, की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात की साठलेली होती. दोन तास पासवर्ड आठवण्यात गेले, पण मुलांचे निकाल वाचले. म्हणून बायोसला हात लावण्याआधी मॅनेज-बीडीई स्टेटस ही आज्ञा देऊन बघायचं, डिस्क एन्क्रिप्ट असेल तर की कागदावर उतरवायची, बिटलॉकर सस्पेंड, म्हणजे तात्पुरता स्थगित, करायचा, आणि मगच पुढं. तुमचा डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचा, टोकन यात येत नाही, ताई. त्याची किल्ली त्या यूएसबी टोकनमध्येच असते, टीपीएमशी तिचा संबंध नाही. तुमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ही भीती असते म्हणून आवर्जून सांगितलं.

ऑडिटरची मुदत जवळ आली आणि चिपचा निकाल लागला नाही, तर टीपीएमशिवायही बिटलॉकर चालतो. तुमच्याकडं प्रो आहे, म्हणून ग्रुप पॉलिसी उघडा. बिटलॉकरच्या ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हमध्ये ‘सुरुवातीला जादा ओळख मागा’ अशा अर्थाची पॉलिसी आहे. ती चालू करून आत ‘कंपॅटिबल टीपीएमशिवाय बिटलॉकरला परवानगी’ यावर टिक करा. मग लॅपटॉप दर वेळी पासवर्ड किंवा पेन ड्राइव्ह मागेल. एन्क्रिप्शन तेच, ताकद तीच, फक्त किल्लीची राखण आता तुमच्या पासवर्डवर. चुकीचे प्रयत्न मोजून अडवणारी चिप मधे नाही, म्हणून पासवर्ड लांब हवा. मुलाचं नाव आणि जन्मसाल चालणार नाही. फक्त डी ड्राइव्ह कुलूपबंद करायला टीपीएम लागतच नाही, पण तेवढ्यावर ऑडिटरला ‘झालं’ म्हणू नका. पगारपत्रकाची एक्सेल मेलमधून उघडली की तिची प्रत सी ड्राइव्हच्या डाउनलोड आणि टेम्पमध्ये पडतेच. ज्यांच्याकडं विंडोज होम आहे त्यांना पूर्ण बिटलॉकर मिळत नाही. त्यांच्यासाठी व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन आहे, त्यालाही टीपीएम लागत नाही.

तरीही चिपचा शोध सोडू नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतंच. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच्या यादीत आहेत, म्हणजे हा लॅपटॉप चिप दिसू लागल्यावर पुढंही चालेल.

चिप दिसली आणि बिटलॉकर सुरू झाला, की तो विचारेल: फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की संपूर्ण ड्राइव्ह? नव्या कोऱ्या डिस्कला पहिला पर्याय ठीक आहे. तुम्ही ‘संपूर्ण’ निवडा, कारण तुमच्या डिस्कवर पुसलेल्या जुन्या फाइलींचे अवशेष आहेत, कदाचित आधीच्या मालकाचेसुद्धा. वेळ लागेल, रात्री चार्जरला लावून ठेवा. सकाळी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मॅनेज-बीडीई स्टेटस बघा. १०० टक्के दिसलं म्हणून थांबू नका, खाली ‘प्रोटेक्शन स्टेटस’ची ओळ वाचा. तिथं ऑफ असेल, तर डिस्क एन्क्रिप्ट आहे पण किल्ली डिस्कवरच उघडी पडलीय. ते ऑन करा, रिकव्हरी कीची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आणि दुसरी कागदावर, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे तर घरच्या कपाटात ठेवा, आणि त्या पडद्याचा फोटो ऑडिटरला पाठवा.